कोठडीतला सूर्यदगड: मेक्सिकन वारसा कैद्याला बळ कसा देतो आणि तोच अंगाशी कसा येतो

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन माणसांना विमानात बसवून एल साल्वादोरमधल्या महातुरुंगात पाठवलं. ही माणसं टोळीतली आहेत हे कशावरून ठरवलं? अनेकांच्या बाबतीत अंगावरच्या गोंदणावरून, असं त्यांच्या घरच्यांनी आणि वकिलांनी सांगितलं. बातमी वाचून इथल्या पुष्कळांना प्रश्न पडला की गोंदणावरून टोळी ओळखता तरी कशी येते? ही पद्धत काल-परवाची नाही. अमेरिकेच्या तुरुंगांत, विशेषतः कॅलिफोर्नियात, मेक्सिकन वंशाच्या कैद्यांनी ती कित्येक दशकं सोसली आहे. तिथे प्रश्न नुसत्या गोंदणाचा नव्हता. कैद्याने काढलेलं अ‍ॅझटेक (स्पॅनिश येण्याआधी मध्य मेक्सिकोवर राज्य करणारे लोक) योद्ध्याचं चित्र, पत्रात लिहिलेला पूर्वजांच्या भाषेतला एखादा शब्द, प्राचीन दिनगणनेचा हाताने आखलेला तक्ता, यातलं काहीही त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहू शकत होतं. आणि नेमक्या याच गोष्टींनी अनेकांना आत असताना माणूस म्हणून टिकवून धरलं होतं.

हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते मुळापासून पाहू.

आधी तीन शब्द

अमेरिकेत जन्मलेली किंवा वाढलेली, आपल्या मेक्सिकन मुळांकडे राजकीय जाणिवेने पाहणारी माणसं स्वतःला 'चिकानो' म्हणवतात. हा शब्द आधी हिणवण्यासाठी वापरला जाई. १९६० च्या दशकातल्या चळवळीने तो अभिमानाने उचलला. 'पिंटो' म्हणजे त्यांच्या बोलीत कैदी. आणि 'व्हॅलिडेशन' म्हणजे अमुक कैदी तुरुंगातल्या टोळीचा सदस्य किंवा साथीदार आहे, असा शिक्का तुरुंग प्रशासनाने मारणं. या शिक्क्यासाठी कोर्टात गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. तो कार्यालयात, फाइलीवर लागतो. पुढे येणारं बरंचसं या तिसऱ्या शब्दाभोवती फिरतं.

स्वतःचा इतिहास तुरुंगात का सापडतो?

२ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला. युद्ध हरलेल्या मेक्सिकोने कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा मोठा भाग अमेरिकेला दिला. त्या बदल्यात मिळाले दीड कोटी डॉलर. टेक्सास त्याआधीच गेला होता. म्हणजे जवळपास निम्मा देश गेला. त्या भूमीवर पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं जागची न हलता परदेशात जाऊन पडली. 'आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेने आम्हाला ओलांडलं' हे चिकानो लोकांचं म्हणणं त्यांच्यासाठी घोषणाबाजी नाही, घरातली हकिगत आहे.

त्यानंतरची शंभर वर्षं शाळेत काय झालं? अनेक ठिकाणी मेक्सिकन मुलांच्या शाळाच वेगळ्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या चार शाळा-विभागांची ही वेगळी पंगत मोडायला १९४७ साली फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टाचा निकाल लागला. स्पॅनिश बोललं की शिक्षा हा प्रकार तर त्यानंतरही बरीच वर्षं चालला. घरात आजी एक बोलते, शाळेत त्याच बोलण्याला मार बसतो आणि पाठ्यपुस्तकात आपल्यासारखं आडनाव असलेला एकही माणूस नाही. असा मुलगा मोठा होतो तेव्हा 'आपण कोण' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. मग गल्लीतली टोळी उत्तर देते: तू आमचा.

म्हणूनच अनेकांना पहिल्यांदा स्वतःचा इतिहास भेटला तो तुरुंगात. कवी जिमी सांतियागो बाका अ‍ॅरिझोनाच्या फ्लॉरेन्स तुरुंगात स्वतःच्या हिमतीवर लिहायला-वाचायला शिकला. राउल सालिनास या कवीने आणि त्याच्या सोबत्यांनी १९७० साली कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थ या कडक फेडरल तुरुंगात 'आस्त्लान' नावाचं कैद्यांचं वृत्तपत्र काढलं. आस्त्लान ही अ‍ॅझटेकांची दंतकथेतली मूळ भूमी. ती नकाशावर नेमकी कुठे होती हे कुणी सिद्ध केलेलं नाही. पण १९६९ साली डेन्व्हरला भरलेल्या चिकानो तरुणांच्या परिषदेने अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग, म्हणजे १८४८ ला गेलेला तोच मुलूख, आस्त्लान म्हणून जाहीर केला होता. लेव्हनवर्थमधल्या माणसांनी ते नाव उचललं तेव्हा ते नंबर असलेले कैदी होते. वृत्तपत्राने त्यांना त्या मुलखाचे रहिवासी केलं.

तुरुंग वेळ घेतो, दिनगणना ती परत देते

वारशाने बळ येतं म्हणजे नक्की काय होतं, हे मोघम राहू नये म्हणून एकच गोष्ट जवळून पाहू. मध्य मेक्सिकोतली २६० दिवसांची गणना, नाहुआत्ल भाषेत 'तोनालपोवाल्ली', शब्दशः दिवसांची मोजणी. (नाहुआत्ल ही अ‍ॅझटेकांची भाषा. ती मेलेली नाही, मेक्सिकोत आजही सोळा लाखांहून अधिक लोक ती बोलतात. टोमॅटो, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो हे शब्द तिच्यातूनच निघाले आणि डहाणू-घोलवडचा आपला चिकूसुद्धा.)

आपल्याकडे वार आणि तिथी एकाच वेळी चालतात, पण एक दुसऱ्यासाठी थांबत नाही. सोमवारी पंचमी असेल, पुढच्या सोमवारी दुसरीच तिथी. तोनालपोवाल्लीत असेच दोन फेरे आहेत. एक १ ते १३ आकड्यांचा, दुसरा २० चिन्हांचा: मगर, वारा, घर, सरडा, साप, मृत्यू, हरीण, ससा, पाणी, कुत्रा, माकड, गवत, बोरू, जॅग्वार, गरुड, गिधाड, हालचाल, गारगोटी, पाऊस, फूल. पहिला दिवस १ मगर, दुसरा २ वारा, असं करत तेरावा १३ बोरू. चौदाव्या दिवशी आकडा पुन्हा १ होतो, चिन्ह मात्र पुढेच जातं: १ जॅग्वार. विसावा दिवस ७ फूल, एकविसावा ८ मगर.

कोठडीत हे करायला एक कागद आणि एक पेन्सिल पुरते. डाव्या बाजूला वीस चिन्हं एकाखाली एक लिहायची, उजवीकडे तेरा उभे रकाने पाडायचे. पहिल्या रकान्यात वरून खाली १ ते १३ आणि पुढे १ ते ७. दुसरा रकाना वरून ८ ने सुरू करायचा आणि तसंच पुढे जायचं. चूक पकडायच्या दोन खुणा आहेत. कुठल्याही आडव्या ओळीत आकडा दर वेळी सातने वाढला पाहिजे आणि तेराच्या पुढे गेला की तेरा वजा करायचे: १, ८, २, ९, ३. आणि शेवटच्या, २६० व्या घरात १३ फूल आलंच पाहिजे. नाही आलं तर मध्येच कुठेतरी एक घर चुकलंय. बहुतेक वेळा १३ नंतर हात सवयीने १४ लिहितो, तिथेच घोटाळा असतो.

याच्या जोडीला ३६५ दिवसांचं वर्ष चालतं. ३६५ ला १३ ने भागलं की १ उरतो, २० ने भागलं की ५. म्हणून दर वर्षी वर्षाच्या नावातला आकडा एकाने वाढतो आणि चिन्ह पाच घरं उडी मारतं. परिणामी वर्षांना चारच चिन्हं मिळतात: ससा, बोरू, गारगोटी, घर. चार गुणिले तेरा, बावन्न. बावन्न वर्षांनी, म्हणजे १८,९८० दिवसांनी, दोन्ही गणना पुन्हा एका ठिकाणी येतात. तेव्हा सगळ्या चुली विझवून डोंगरावर नवा अग्नी पाडला जाई. शेवटचा अग्नी १५०७ साली पाडला गेला. पुढच्या फेऱ्याच्या आत, १३ ऑगस्ट १५२१ रोजी, राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या आणि त्यांच्या स्थानिक मित्रांच्या हाती पडली. गणनेप्रमाणे तो दिवस १ साप, वर्ष ३ घर.

आता हे पंचवीस वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाच्या बाजूने बघा. तुरुंगातले दिवस एकसारखे असतात. मोजणी होते ती कैद्यांची, जेवणाची, शिल्लक वर्षांची. ही मोजणी तुरुंगाची आहे, कैदी तिच्यात फक्त एक आकडा. तोनालपोवाल्ली आखणाऱ्याकडे दुसरी मोजणी येते. तिच्यात आजच्या दिवसाला स्वतःचं नाव आहे, तसा दिवस २६० दिवसांनीच परत येणार आहे आणि ती मोजणी हा तुरुंग बांधण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून चालू आहे. शिवाय ती रोज करावी लागते. चुकली तर शोधून दुरुस्त करावी लागते. माझ्या मते बळ येतं ते या रोजच्या कामातून. 'आमचे पूर्वज थोर होते' एवढं म्हणून ते येत नाही.

इथे एक खाचखळगा आहे. प्राचीन गणना आजच्या तारखेशी कशी जुळवायची यावर वेगवेगळी मतं आहेत, म्हणून दोन कैद्यांचे तक्ते वेगळा दिवस दाखवू शकतात. यावरून भांडण्यापेक्षा कुठल्या जुळणीने चाललोय ते तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवणं शहाणपणाचं.

चूल आणि मूल, चेहरा आणि काळीज

मराठीत 'चूल आणि मूल' म्हटलं की आपण चुलीबद्दल बोलत नसतो. 'रोटी-बेटी व्यवहार' यात भाकरीचा हिशेब नसतो. दोन वस्तू जवळ ठेवल्या की तिसराच अर्थ उभा राहतो. नाहुआत्लचा सगळा डौल असाच आहे. 'इन आत्ल इन तेपेत्ल', पाणी-डोंगर, म्हणजे गाव. 'इन शोचित्ल इन क्विकात्ल', फूल-गाणं, म्हणजे कविता. आणि 'इन इश्त्ली इन योल्लोत्ल', चेहरा-काळीज, म्हणजे माणूस, त्याचं व्यक्तिमत्त्व.

सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने नाहुआ, म्हणजे नाहुआत्ल बोलणाऱ्या, वृद्धांना विचारून, नाहुआ लेखकांच्या मदतीने बारा खंडांचा एक ग्रंथ तयार केला, नाहुआत्ल आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत. त्याच्या सहाव्या खंडात वडीलधाऱ्यांची उपदेशपर भाषणं आहेत: बाप मुलीशी काय बोलतो, नव्या राजाला काय सांगतात. साआगुनने जमवलेल्या या मजकुरात ज्ञानी माणसाचं वर्णन येतं. तो दुसऱ्यांपुढे आरसा धरतो आणि त्यांना चेहरा मिळवून देतो. म्हणजे चेहरा जन्मतः पूर्ण नसतो, तो शिक्षणाने घडतो, ही त्यामागची समजूत. ज्याचा चेहरा पोलिसांच्या फोटोत गोठला आहे, त्याला हे वाक्य काय वाटत असेल?

शिकताना घसरायची जागाही हीच. सुटे सुटे शब्द पाठ करून लोक थांबतात. चारशे शब्द आले, वाक्य एकही नाही. नाहुआत्लमध्ये क्रियापदाला पुढून-मागून तुकडे जोडून अख्खं वाक्य एका शब्दात मावतं, त्यामुळे शब्दकोशापेक्षा व्याकरणाचं पातळ पुस्तक आधी हवं.

रुमालावरचं चित्र

'पान्यो' म्हणजे स्पॅनिशमध्ये कापड. चिकानो कैद्यांनी हातरुमालावर बॉलपेनने काढलेल्या चित्रांना हेच नाव पडलं. नैर्ऋत्य अमेरिकेच्या तुरुंगांत ही कला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. आधी उशीचे अभ्रे आणि चादरींचे तुकडे, मग तुरुंगाच्या दुकानात मिळणारा सोळा-एक इंची पांढरा सुती रुमाल.

काम वेळखाऊ आहे. रुमाल पुठ्ठ्यावर ताणून चारी कडा चिकटवतात. सैल राहिला तर पेनाच्या टोकाबरोबर कापड सरकतं आणि रेघ नागमोडी होते. आधी पेन्सिलीने अगदी हलका आराखडा, मग पेन. छटा दाबून येत नाही. दाबलं की शाई सुतात पसरते आणि डाग पडतो. केसासारख्या बारीक रेघा एकमेकींवर आडव्या-तिरप्या टाकत अंधार चढवावा लागतो. दर काही रेघांनी पेनाचं टोक कागदावर पुसायचं, नाहीतर साचलेला थेंब नेमका चेहऱ्यावर उतरतो. खोडरबर चालत नाही. कॉफीच्या पाण्याने जुनाट पिवळी छटा देता येते, पण आधी कोपऱ्यावर बघून, कारण ओल लागली की काही शाया पळतात.

विषय ठरलेले असतात: ग्वादालुपेची माता (मेक्सिकोत पूजली जाणारी येशूची आई मेरी), गुलाब, वाळूचं घड्याळ, मुलांचे चेहरे आणि मूर्च्छित स्त्रीला हातांवर घेऊन उभा असलेला पिसांच्या मुकुटातला योद्धा. हे शेवटचं चित्र अनेकांना प्राचीन वाटतं. दंतकथा जुनी आहे, दोन ज्वालामुखींची, पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिवात्ल यांची. पण चित्रातली ती पोज १९४० च्या सुमारच्या मेक्सिकन भिंत-कॅलेंडरांवरून घराघरांत पोचली. त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या देवघरातल्या किती तसबिरी छापील कॅलेंडरांतून आल्या!

दुसरं लाडकं चित्र सूर्यदगडाचं. हा दगड १७ डिसेंबर १७९० रोजी मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात सापडला. व्यास सुमारे साडेतीन मीटर, वजन चोवीस टनांच्या आसपास. त्याला सरसकट 'अ‍ॅझटेक कॅलेंडर' म्हणतात, पण त्यावर तारीख बघता येत नाही. आधी होऊन गेलेली चार युगं आणि चालू पाचवं युग त्यावर कोरलेलं आहे. वीस दिवसचिन्हं एका वलयात आहेत, पण ती घड्याळाच्या उलट दिशेने वाचायची. गोंदणात किंवा रुमालावर हाच क्रम हमखास उलटा होतो.

मग प्रशासनाला यात धोका का दिसतो?

कारण टोळ्यांनीही ही चिन्हं उचलली आहेत, हे मान्य केलंच पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या 'मेक्सिकन माफिया' या टोळीची खूण १३ हा आकडा, कारण एम हे इंग्रजी वर्णमालेतलं तेरावं अक्षर. तेराला नाहुआत्लमध्ये 'दहा आणि तीन' अशा अर्थाचा शब्द आहे, तोही वापरला गेला. माया या दुसऱ्या प्राचीन लोकांच्या पद्धतीने दोन आडव्या रेघा आणि तीन ठिपके काढले की तेरा होतात, तीही खूण झाली. आणि नाहुआत्ल पहारेकऱ्यांना येत नाही, म्हणून तिच्यात निरोप लपवता येतो ही भीती अगदी निराधार नव्हती.

पण समजा, आषाढी वारीत एक पाकीटमार गळ्यात तुळशीची माळ घालून शिरला. पुढच्या वर्षी पोलिसांनी ठरवलं की माळ घातलेला प्रत्येक जण संशयित. किती वारकरी आत जातील? तेरा हा आकडा टोळीचा आहे तसाच २६० दिवसांच्या गणनेचा कणाही आहे. तक्ता आखणाऱ्याच्या कागदावर तो वीस वेळा येणारच.

कॅलिफोर्नियात व्हॅलिडेशनला तीन पुरावे लागत. त्यात कुणा टोळीवाल्याच्या वहीत सापडलेलं नाव चाले, चित्र चाले, पुस्तकही चाले. एकदा शिक्का बसला की रवानगी एकांतकोठडीत, आणि तीही बेमुदत. बाहेर येण्याचा खात्रीचा रस्ता एकच: टोळीबद्दल सगळं सांगून टाकणं. जो टोळीत नव्हताच त्याने काय सांगायचं? आणि सांगितलं तर आपल्या व घरच्यांच्या जिवाची हमी कोण देणार?

तुरुंगाबाहेरही हे घडतं. २०१७ साली सिएटलजवळ स्थलांतर खात्याने मेक्सिकोत जन्मलेल्या एका तरुणाला पकडलं. त्याच्या हातावर जन्मगावाचं, ला पासचं, नाव गोंदलेलं होतं. खात्याने ते टोळीचं चिन्ह ठरवलं. तो सहा आठवड्यांहून अधिक काळ कोठडीत राहिला. पुढच्या वर्षी फेडरल न्यायाधीशाने टोळीच्या आरोपाला पुरावा नसल्याचं सांगून सरकारला तो आरोप पुन्हा करायला मनाई केली.

पेलिकन बे

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला १९८९ साली उघडलेला हा तुरुंग. त्याच्या एकांत विभागातली कोठडी सुमारे ८० चौरस फुटांची, खिडकी नाही, दिवसाचे साडेबावीस तास आत. २०११ मध्ये तिथे पाचशेहून अधिक माणसं दहा वर्षांपेक्षा जास्त आणि ७८ जण वीस वर्षांपेक्षा जास्त काळ होती.

याच विभागातून २०११ मध्ये उपोषणं सुरू झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या गोऱ्या, काळ्या आणि उत्तर व दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अशा दोन्ही लॅटिनो गटांच्या कैद्यांनी मिळून तुरुंगातली वांशिक वैरं थांबवण्याचं जाहीर आवाहन केलं. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात वंशाप्रमाणे अंगणसुद्धा वाटलेलं असतं. ते माहीत असलेल्याला या कागदाचं मोल वेगळं सांगायला नको. ८ जुलै २०१३ ला राज्यभरात सुमारे तीस हजार कैद्यांनी जेवण नाकारलं. काहींचं उपोषण दोन महिने चाललं. शेवटी १ सप्टेंबर २०१५ रोजी कैद्यांनी लढवलेल्या 'अ‍ॅशकर' खटल्यात तडजोड झाली: नुसत्या टोळी-सदस्यत्वाच्या शिक्क्यावर बेमुदत एकांतवास नाही, आत राहून केलेल्या गंभीर गैरवर्तनावरच आणि ठरावीक मुदतीचा. चित्रावरून नजर हटवून वर्तनाकडे पाहायचं, एवढं साधं तत्त्व मान्य व्हायला चौथाई शतक लागलं.

कायदा धर्माला वाचवतो, संस्कृतीला कमी

ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि इथेच अर्ज फेटाळले जातात.

१९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 'क्रूझ विरुद्ध बेटो' हा खटला आला. फ्रेड क्रूझ हा टेक्सासमधला मेक्सिकन-अमेरिकन कैदी, तुरुंगात स्वतःच कायदा शिकलेला, आणि बौद्ध. बौद्ध साहित्य इतर कैद्यांना दिलं म्हणून आपल्याला दोन आठवडे एकांतात भाकरी-पाण्यावर ठेवलं, अशी त्याची तक्रार होती. रूढ धर्माच्या कैद्यांना मिळते तशी वाजवी संधी बौद्ध कैद्यालाही मिळाली पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे २००० साली 'आर-लुइपा' नावाने ओळखला जाणारा फेडरल कायदा आला. त्यानुसार तुरुंगाने धर्माचरणावर मोठा अडथळा आणला, तर त्यामागे अत्यावश्यक कारण आहे आणि त्याहून सौम्य उपाय नाही, हे तुरुंगाने सिद्ध करायचं. २०१५ साली एका मुस्लिम कैद्याची अर्ध्या इंचाची दाढी याच कायद्याने वाचली.

संस्कृतीला मात्र ही ढाल नाही. 'हा माझ्या पूर्वजांचा वारसा आहे' असं लिहिलं की प्रकरण १९८७ च्या 'टर्नर' निकालाच्या कसोटीवर जातं. तिथे बंदीचा सुरक्षेशी वाजवी संबंध आहे, एवढं तुरुंगाने दाखवलं तरी पुरतं. म्हणून तोनालपोवाल्ली किंवा तेमास्काल्ली (वाफेचं शुद्धिस्नान) हे ज्याच्यासाठी खरोखर उपासनेचा भाग आहे, त्याने तसं स्पष्ट लिहावं: काय करतो, किती वेळा, का. न्यायालय श्रद्धा प्रामाणिक आहे का ते पाहतं. ज्याच्यासाठी तो केवळ इतिहासाचा अभ्यास आहे, त्याने खोटा धर्म सांगू नये. ते उघडं पडतं आणि पुढच्या खऱ्या अर्जदाराचंही नुकसान करतं.

व्यवहारात उपयोगी पडतात त्या लहान गोष्टी. चित्र काढलं तर मागे मूळ हस्तलिखिताचं नाव आणि पान लिहून ठेवावं. नाहुआत्ल शब्दाखाली लगेच इंग्रजी अर्थ द्यावा, म्हणजे 'सांकेतिक भाषा' म्हणायला जागा राहत नाही. पुस्तक जप्त झालं तर लेखी कारण मागावं आणि तुरुंगाच्या तक्रार अर्जाच्या सगळ्या पायऱ्या मुदतीत पूर्ण कराव्यात. १९९६ च्या कायद्यामुळे एकही पायरी चुकली तर फेडरल कोर्ट खटला ऐकूनही घेत नाही. अनेक खरी प्रकरणं अशीच, एका उशिरा दिलेल्या अर्जापायी, संपली आहेत.

पण सगळे मेक्सिकन अ‍ॅझटेक कुठे होते?

नव्हतेच. हा आक्षेप रास्त आहे. पश्चिम मेक्सिकोतल्या मिचोआकानचे पुरेपेचा लोक अ‍ॅझटेकांपुढे कधीच झुकले नाहीत. त्लाश्कालाच्या लोकांनी तर कोर्तेस या स्पॅनिश सेनानीला साथ दिली, कारण त्यांना अ‍ॅझटेकांचा जाच माहीत होता. अ‍ॅझटेक साम्राज्य खंडणीवर चाले आणि तिथे नरबळी दिले जात. ज्याचे आजी-आजोबा मिचोआकान किंवा वाहाकाहून आले, त्याने गरुड-योद्ध्याला पूर्वज म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या घरचे देव पूजणं.

शिवाय बहुतेक मेक्सिकन घराण्यांत मूलनिवासी आणि स्पॅनिश रक्त मिसळलेलं आहे, आणि पुष्कळांत आफ्रिकीही. आफ्रिकी वंशाच्या विसेन्ते गेरेरोने राष्ट्राध्यक्ष म्हणून १८२९ साली मेक्सिकोत गुलामगिरी बंद केली, अमेरिकेच्या कितीतरी आधी. काळ्या कैद्याला वैरी मानायला शिकवलेल्या चिकानो मुलाने हे एक नाव नीट अभ्यासलं तर अंगणातली रेघ जरा पुसट होते. मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. योद्धा आणि साम्राज्य एवढंच घेतलं तर टोळीची भाषाच नव्या पिसांत परत येते. आजीचं गाव कुठलं, तिथे कोणती भाषा होती, ती का सुटली, इथून सुरुवात केली की मोठेपणा मिरवायला फारसं काही उरत नाही आणि धरून ठेवायला पुष्कळ मिळतं.

आणि ज्याचा गुन्हा केला, त्याचं काय?

ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला कैद्याच्या पूर्वजांशी कर्तव्य नाही. असण्याचं कारणही नाही. वारसा शिक्षा कमी करत नाही, व्यसन सोडवत नाही, नुकसान भरून देत नाही. १८४८ च्या तहाने कुणी कुणावर गोळी झाडायला भाग पाडलं नाही. उलट, नाहुआ वृद्धांची भाषणं जो खरंच वाचेल त्याला दिसेल की त्यांत स्तुतीपेक्षा समज जास्त आहे: हळू बोल, उधळू नकोस, दुसऱ्याचं हिसकावू नकोस, पुढे खोल दरी आहे. पूर्वजांना बोलावलं की ते नुसते पाठीशी उभे राहत नाहीत, जाबही विचारतात.

बाहेरून काय पाठवता येतं

बहुतेक तुरुंगांत पुस्तक घरून पाठवलेलं चालत नाही. नवं, साध्या पुठ्ठ्याचं, थेट प्रकाशकाकडून किंवा विक्रेत्याकडून आलेलं लागतं. कडक बांधणीचं परत जातं. नकाशे असलेलं पुस्तक अडकू शकतं, म्हणून यादीवर आधी मंजुरी घेतलेली बरी. पत्रांचं आणखी अवघड झालंय. पेनसिल्व्हेनियाने २०१८ पासून कैद्यांची टपालं बाहेरच्या कंपनीकडे वळवली. तिथे पत्र स्कॅन होतं आणि कैद्याला फक्त प्रत मिळते. नंतर इतर राज्यांनीही हाच मार्ग धरला. त्यामुळे आजीने तिच्या बोलीतले शब्द लिहून पाठवायचे असतील तर गडद शाईने, ठळक, ओळींत मोकळी जागा सोडून लिहायला हवेत. पेन्सिलीची फिकट अक्षरं स्कॅनमध्ये नाहीशी होतात. रुमाल मात्र अजून उलट्या दिशेने, आतून बाहेर, खऱ्या कापडाचाच जातो. तो धुवायचा नाही. दोन कागदांमध्ये सपाट ठेवायचा, उन्हापासून लांब, कारण बॉलपेनची शाई उजेडात उडते.